फेडलेल्या नवसाचं दुखणं

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना, दसऱ्याच्या सुमारास, तिचा उजवा डोळा गेला. आधी दुखला. मग एका सकाळी म्हणाली, "आक्का, ह्या डोळ्यानं समदं धुरकट दिसायलंय." मायनं तिला वालूरच्या दवाखान्यात नेलं नाही, देवीपुढं नेलं आणि नवस बोलली. महिन्याभरात डोळ्यानं दिसायला लागलं! मायनं देवीला चांदीचे डोळे वाहिले, सवाष्णी जेवू घातल्या.

आमच्या घरात एक रीत होती. फेडलेल्या नवसाचं दुखणं पुन्हा तोंडातून काढायचं नाही, काढलं की ते आजाऱ्यावर, नाहीतर नवस बोलणाऱ्यावर उलटतं. त्यामुळे बहिणीचा डोळा कधी गेलाच नव्हता, असं सगळे वागायला लागले.

दिवाळी झाल्यावर आम्ही ऊसतोडीला गेलो. तिथं फडात ती डावा पाय ओढत चालायला लागली. चालता चालता पडायची. मुकादम म्हणाला, "पोरगी लय नाटकी हाय, ढोंग करायली." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेल्याला काय कळत होतं? पण खरं सांगायचं तर कळत कुणालाच नव्हतं.

कारखान्याजवळच्या डॉक्टरनं तिला तपासलं. माणूस भला होता. त्यानं नीट विचारलं, "याआधी हिला काही झालं होतं? हातापायाचं, डोळ्याचं?"

"न्हाई जी," माय म्हणाली. "ठणठणीत होती पोरगी."

मी तोंड उघडलं तर मायनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. बहीण खाली मान घालून बसली होती. डॉक्टरनं कण्याचा टीबी ठरवला. गोळ्या, इंजेक्शनं सुरू झाली. दोनेक महिन्यांत पाय सुधारला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हे दुखणं असं लबाड. आपल्या मर्जीनं येतं, आपल्या मर्जीनं जातं, आणि जाताना शेजारी जो उभा असेल त्याला श्रेय देऊन जातं. आधी देवीला दिलं, मग गोळ्यांना.

वर्षभर तिनं त्या गोळ्या खाल्ल्या. अन्नावरची वासना गेली, लघवी लाल व्हायची, लेकरू वाळून गेलं. तरी पुढच्या वर्षी गावात दोन्ही पाय गेले आणि जीभ जड झाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसट्या थांबलेल्या, त्यात आणखी दिवस गेले. शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यात बत्ती धरून बराच वेळ पाहिलं.

"हा डोळा पूर्वी गेला होता. कधी?"

मीच सगळं सांगून टाकलं. या वेळी मायनं मला अडवलं नाही.

त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. वायरवरचं प्लास्टिक निघावं तसं नसांवरचं वेष्टण निघतं, म्हणाल्या. लहान लेकरांत क्वचित, म्हणून डॉक्टरांच्याही लवकर ध्यानात येत नाही. एकदा डोळा, एकदा पाय, हे दोन्ही एकत्र कळलं तरच संशय येतो. नुसता पाय पाहणारा टीबीच म्हणणार.

"तवाच डोळ्याचं सांगितलं असतं तर चालली असती का ओ माझी लेक?" मायनं विचारलं.

"सांगता येत नाही, बाई. याला हमखास औषध आजही नाही. पण टीबीच्या गोळ्या तरी तिच्या पोटात गेल्या नसत्या."

माय तिथंच फरशीवर बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. मला तिचा राग आला होता, लय राग, आणि तरी तिचे हात धरावे लागले. पलंगावरून बहीण काहीतरी म्हणाली. जीभ वळत नव्हती तिची. मायला काही कळेना, ती नुसती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मी वाकून ऐकलं आणि मायला सांगितलं, "ती म्हणायली, मलाबी तोंड होतं की, माय. देवी तुझे डोळे नेईल म्हणून मीबी बोलले न्हाई."