मृत्यू समितीत मी आत, मी बाहेर

आमच्या रुग्णालयात ऑपरेशननंतर पेशंट दगावला की मृत्यू समितीची बैठक होते. समितीत एक सर्जन हवाच, आणि ज्याचा पेशंट गेला तो सर्जन नको, असा नियम. सर्जन मी एकटाच. दुसरी जागा मी जालन्यात रुजू झाल्यापासून रिकामी आहे.

त्या दिवशी जाफराबादकडच्या एका शेतकऱ्याची फाइल होती. आतडं फुटलेलं. दुपारी आला तेव्हा मी साधी पोटदुखी समजलो आणि सकाळपर्यंत थांबलो. त्याची बायको बाहेर बाकड्यावर बसली होती. "मी उशिरा आणलं म्हून ते गेले, असं सासू चारचौघांत म्हणती," ती मला म्हणाली. "खरं काय ते इचारायला आले." बैठक होऊ द्या, एवढंच मी पुटपुटलो. भित्रा आहे मी, दुसरं काय!

आमच्या हेडक्लार्कला नियमांचं भारी वेड. त्याने तोडगा काढला: चूक कोणाची यावर चर्चा चालू असताना मी बाहेर, सर्जनचं मत लागलं की मी आत. तीनदा आत-बाहेर झालं. आत मी स्वतःला 'संबंधित डॉक्टर' म्हणायचं. संबंधित डॉक्टरने त्याच दुपारी एक्स-रे काढला असता तर माणूस बहुतेक वाचला असता, असं मी म्हणालो, तर भूलतज्ज्ञ बाई नाराज झाल्या. चांगला आहे हो तो, म्हणाल्या. फिजिशियनने पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवत मान डोलावली. हेडक्लार्क तर गंभीरच झाला.

"सर, इतकं कडक नका बोलू. बाजू मांडायला ते इथं न्हाईत."

मला हसू फुटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

निष्कर्ष टाइप होऊन आला: नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, फक्त सर्जनची बाकी. ती ओळ मी खोडली आणि वर हाताने लिहिलं: पत्नीने वेळेत आणले, उशीर सर्जनने केला. संबंधितांना विचारल्याशिवाय असं लिहिता येत न्हाई, हेडक्लार्क म्हणाला. विचारून येतो, म्हणत मी उठलो.

बाहेर जाऊन मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. उशीर तुमचा नाही, माझा, असं म्हणालो. तिने मोबाईलवर नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"सासू हाय. तिला सांगा."