गच्चीवरचा माणूस

"आंटी, ऊपरवाली आंटी नहीं रहीं…" चंडीगडहून जस्सीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गॅसपाशी उभी होते. क्षणभर मला वाटलं, हा देवीबिवीचं काही सांगतोय. मग डोक्यात उजेड पडला आणि मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. ऊपरवाली म्हणजे त्याच्या घरात वरच्या मजल्यावर जन्मभर भाड्याने राहिलेल्या आमच्या प्रभाताई. रात्री झोपेतच गेल्या. सकाळी जस्सीची बायको चहा घेऊन वर गेली तेव्हा कळलं. लग्न केलं नव्हतं, भाऊ आधीच गेलेला. "सामान का क्या करूँ, आप आ जाओ," जस्सी म्हणाला. मी गेले. त्याला आता काही आठवडे झाले, पण लिहायला बसले की अजून हात थांबतो…

प्रभाताई तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. बाईंनी आयुष्यात कधी व्यासपीठावर पाऊल ठेवलं नाही. राजापूरकडच्या. चंडीगडला विद्यापीठात भूगोल शिकवायच्या, त्यातही नकाशे काढणं हा त्यांचा खास विषय. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायका माहेरी आंबे खायला जातात, ह्या माहेरी जायच्या त्या सडा तुडवायला. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. तिथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणी कुणी कोरून ठेवलेलं आहे… मासे, वाघ, हत्ती, पाय ताठ करून उभी राहिलेली माणसं. आता 'कातळशिल्प' म्हटलं की शाळेतलं पोरही मान डोलावतं. तेव्हा हा शब्दच कुणाच्या तोंडी नव्हता. गावचे लोक 'पांडवांची चित्रं' म्हणायचे आणि गुरं वळवताना त्यांना वळसा घालून जायचे. प्रभाताई एकट्या ती शोधत फिरायच्या आणि सापडलेलं एकेक चित्र कागदावर उतरवायच्या.

मी मूळची साताऱ्याची, नवरा तेव्हा चंडीगडच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कॅनव्हासचे बूट घालून आलेली ही बाई बघून मला हसू फुटलं होतं, तीच पुढे माझी थोरली बहीण होऊन बसली. एका मे महिन्यात त्यांनी मला सड्यावर ओढून नेलं. काय सांगू, ते ऊन! झाड नाही, सावली नाही, पायाखाली काळा तापलेला कातळ आणि दूर खाली समुद्र. कोरलेल्या रेषांमध्ये त्या चुना भरायच्या, वर दोऱ्यांची चौकट ताणायच्या आणि एकेक घर मोजून तेवढंच कागदावर काढायच्या. चुना भरता भरता दगडातून एक माणूस वर आला. दोन पुरुष एकापुढे एक झोपवले तर होतील एवढा लांब. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता उभा. "प्रभाताई, मला इथं भीती वाटतेय हो," मी म्हटलं. "मलाही वाटते," दोरीची गाठ मारत त्या म्हणाल्या. "दर वेळी वाटते. घाबरत घाबरत मोजायचं. मोजायला काही धीर लागत नाही, दोरी लागते. धर ते टोक."

आणि चंडीगडला परत आलं की वेगळी भीती. ऐंशीच्या दशकातली, दहशतवादाची ती वर्षं ज्यांनी तिथे काढली त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही काढली त्यांना सांगून कळायचं नाही. बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, बसमधल्या सीटखाली आधी वाकून बघा, बाजारात स्कूटर उभी करून कुणी लगबगीने निघाला की आमचे पाय आपोआप उलटे वळायचे. पंजाबातून बातम्या यायच्या, बसमधून उतरवून मारलेल्यांच्या. आणि दुसऱ्या बाजूने कुजबुज यायची ती उचलून नेलेल्या पोरांची. प्रभाताईंचे घरमालक सरदारजी, रिटायर्ड मास्तर, त्यांची बायको, तिला सगळे बीजी म्हणायचे, आणि हा जस्सी, त्यांचा एकुलता एक. कॉलेज संपवून नोकरी शोधत होता. उंचापुरा, पगडीवाला, ऐन बावीस-तेवीसचा. त्या दिवसांत असं दिसणं हाच गुन्हा होता म्हणा ना! प्रत्येक नाक्यावर त्याची स्कूटर थांबवायचे. बीजी दिवसभर फाटकाकडे तोंड करून भाजी निवडायच्या. माझा जीव नवऱ्यापायी टांगलेला असायचा, पण माझा नवरा मराठी डॉक्टर, त्याला निदान कुणी उचलून नेणार नव्हतं. बीजींच्या भीतीपुढे माझी भीती म्हणजे चैन होती.

अशात प्रभाताईंच्या भावाचा ट्रंककॉल आला. कातळातला तो लांबलचक माणूस ज्या सड्यावर होता तिथे चिरेखाण पडली होती. बांधकामाला चिरे काढायचे म्हणून कातळ कापायला घेतला होता, दुसऱ्या टोकाने कापत कापत येत होते. आणि नेमका त्याच चित्रात प्रभाताईंचा घोळ झालेला. दोन दिवसांची मापं जुळत नव्हती, डावा हात खांद्याला भिडेचना. पुन्हा जाऊन मोजावं तर शहरात केव्हाही कर्फ्यू, गाड्यांचा भरवसा नाही. "गच्चीवर खऱ्या मापाचा काढते," त्या म्हणाल्या. "मग कुठलं माप चुकलंय ते दिसेल." मी पलीकडच्याच घरात राहायचे. मागच्या गल्लीतून गेले आणि सकाळभर दोरीचं टोक धरून बसले. त्या गुडघ्यांवर रांगत चुन्याने रेषा ओढत होत्या. उन्हं वर येईतो सरदारजींच्या गच्चीभर तो माणूस आडवा झाला. आणि हात भिडला हो! चुकलेलं माप सापडलं. सगळी मापं लिहिलेल्या त्या एकुलत्या एक कागदावर त्यांनी खूण करून रेष पुरी केली, तिथेच फतकल मारली आणि लहान पोरीसारख्या हसल्या. तेवढ्यात वरून हेलिकॉप्टर घरघरत गेलं. त्या दिवसांत रोज जायचं, आम्ही मान वरसुद्धा केली नाही.

थोड्याच वेळात जिन्यात बूट वाजले. कुणी सांगितलं, कुठल्या गच्चीवरून बघितलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाकीतले तिघं वर आले. त्यातला पुढचा आधी त्या पांढऱ्या माणसाकडे बघत राहिला, मग आभाळाकडे, हेलिकॉप्टर गेलं त्या बाजूला. "ये क्या है?" मीच पुढे झाले. "रंगोली है जी! हमारे महाराष्ट्र में त्योहार होता है." तो थोडा सैलावला. खरंच सैलावला, मी बघितलं ना! "अच्छा… रंगोली," म्हणाला. आणि आमच्या प्रभाताई! जन्मात कधी चुकीचं लेबल खपवून न घेतलेली बाई. हातातला चुना झटकत सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रंगोली नहीं है. नक्शा है."

नक्शा! कप्पाळ माझं. दुनियेत दुसरा शब्द नव्हता का? "किसका नक्शा?" त्याचा आवाज बदललाच. "आदमी का," ह्या म्हणाल्या. आणि नेमका त्याच क्षणी जस्सी न्हाऊन, मोकळे ओले केस वाळवायला वर आला. तिघांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग आमच्याकडे कुणी बघेना. दोन मराठी बायकांनी काय नकाशा काढायचा? घर कुणाचं, गच्ची कुणाची, जवान पोरगा कुणाचा… हिशोब त्यांचा त्यांनीच जुळवला. "थोडी पूछताछ है," म्हणत त्याला दोन्ही दंडांना धरून खाली नेला. पगडीसुद्धा बांधू दिली नाही. बीजी पगडीचं कापड घेऊन फाटकापर्यंत धावल्या आणि तिथेच मटकन बसल्या. प्रभाताईंचा चेहरा त्या चुन्याहून पांढरा झाला होता. "नंदा, मी काय बोलून बसले गं हे," एवढंच म्हणाल्या, कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि निघाल्या. सरदारजी त्यांच्या पुढे, मी मागे. हिमतीने नव्हे, घरी एकटं बसायची जास्त भीती वाटली म्हणून.

चौकीत बाकावर आम्ही दिवसभर बसलो. आत कुठेतरी दार आपटलं की सरदारजी ओठातल्या ओठात गुरुबाणीचा पाठ म्हणायचे. समोरून कुणी खाकीवाला गेला की प्रभाताई उभ्या राहायच्या आणि तेच वाक्य बोलायच्या, "नक्शा मेरा है, लड़के का नहीं." कुणी ऐकायचं, कुणी हसायचं. त्यांच्या साडीच्या निऱ्या हलताना मला दिसत होत्या. ऊन कलल्यावर मोठा साहेब आला. त्याने कागद उलगडला, तोही उलटा. प्रभाताईंनी तो सुलटा करून दिला. "ये कहाँ है?" "समुंदर के पास, हमारे गाँव में. पत्थर पर." "और आप इसे यहाँ छत पर…?" मग साहेब फाईल मिटावी तशा आवाजात म्हणाला, कागद इथेच राहील, छत आजच साफ होईल, मुलाला घेऊन जा. प्रभाताईंनी विचारलं, "एक कॉपी कर लूँ?" त्याने मान हलवली. नाही. त्यांनी कागदाची कड हाताने सारखी केली, मराठीतच म्हणाल्या, "घ्या," आणि तो टेबलावरून पुढे सरकवला.

जस्सी चालत बाहेर आला. एक डोळा सुजलेला, पण चालत आला. रस्ताभर प्रभाताई आमच्या दोन पावलं पुढे चालत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, गच्चीवरचा माणूस अजून आहे. पुसायच्या आधी तासभर मिळाला तरी पुन्हा उतरवून घेता येईल. घरी पोचताच जस्सीला बीजींच्या हवाली केलं आणि त्या तडक जिना चढल्या. गच्ची ओलीगच्च होती. बीजींनी एकटीने बादल्यांवर बादल्या ओतून, खराट्याने घासून सगळं धुऊन काढलं होतं. चुन्याने त्यांचे तळहात फाटले होते. गच्चीवर एक रेषसुद्धा उरली नव्हती.

प्रभाताई थोर होत्या वगैरे मी म्हणणार नाही. त्या रडल्या, चांगल्या हमसून रडल्या. पुढचे काही दिवस बीजींनी वर पाठवलेली डाळ त्यांनी परत केली. मग एका सकाळी स्वतःच खाली गेल्या आणि बीजींच्या हातांना खोबरेल लावत बसल्या. पावसाळ्याआधी भावाचा निरोप आला की खाण त्या चित्रावरून पुढे गेली. मी म्हटलं, "आठवणीतून काढा की, तुमच्या तर डोळ्यांसमोर असेल." तशा उसळल्या, "आठवणीतून रांगोळी काढतात, नंदा!" पुढे त्यांचा साऱ्या सड्यांचा नकाशा झाला, त्यात त्या जागी एक रिकामं वर्तुळ आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'माणूस. पाहिला आहे. नोंद नाही.'

तिकडे मी सामान आवरत असताना जस्सी चहा घेऊन वर आला. दाढी पांढरी झालीय आता, सून आलीय घरात. कप ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आंटी, उस दिन के बाद मैं जब तक घर न आऊँ, ऊपरवाली आंटी अपनी गैलरी की बत्ती बुझाती नहीं थीं. तो मैं मोड़ पर दो बार हॉर्न मार देता था. बत्ती बंद." मी विचारलं, ते वाईट दिवस संपल्यावरही? "कितने साल हो गए ख़तम हुए," तो म्हणाला. "मैंने एक बार कहा भी, आंटी, अब किस बात का डर. डाँट दिया मुझे."

संध्याकाळी तो कामाला बाहेर गेला. मी पुस्तकं खोक्यात भरत होते. अंधारून आलं तसा गॅलरीतला दिवा लावला, मला उजेड हवा होता म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. भरता भरता किती वेळ गेला कोण जाणे. वळणावर हॉर्न वाजला. एकदा, आणि लगेच पुन्हा. त्याचाही हात सवयीनेच गेला असणार. माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. खाली गाडी फाटकाशी येऊन थांबली, पण फाटक उघडल्याचा आवाज येईना. तो गाडीतच बसून वर बघत होता. मी उठले, गॅलरीत गेले आणि दिवा मालवला.