पडलेल्याचा गुलाल

लढाईच्या दिवसांत कर्जतला रंगपेट्या मिळत नसत, म्हणून आमचे ड्रॉइंगचे मास्तर आम्हाला घरून हळद, नीळ, गुलाल आणायला लावत. घंटा व्हायच्या आत फळा लख्ख पुसायचा, हा त्यांचा नेम.

एकदा त्यांनी फळ्यावर जुन्या रोममधले दोन ग्लॅडिएटर काढले. एक उभा, एक पडलेला. "गुलाम होते. लोकांच्या करमणुकीसाठी मरेस्तोवर लढायचे," एवढंच सांगून त्यांनी आम्हाला ते वहीत रंगवायला लावलं. मी पडलेल्याला लालेलाल केलं.

"एवढं रक्त कशाला गं?"

"रक्त न्हाई मास्तर, गुलाल हाय. जितल्याला समदेच लावत्यात. ह्याला कोन लावनार?"

माझ्या पुडीतला चिमूटभर गुलाल मास्तरांनी फळ्यावरच्या पडलेल्याच्या कपाळी लावला.

घंटा झाली. फळा त्यांनी तसाच ठेवला.