पोलका मास्तरांची वही

नाचाबद्दलच्या प्रत्येक इंग्रजी शब्दाचं कूळ आणि मूळ आमच्या पोलका मास्तरांना तोंडपाठ होतं, आणि स्वतःला नाचता येणं सोडाच, त्यांना धड चालतासुद्धा येत नव्हतं. पाय चांगले धडधाकट होते हो, चपलांचा तुटलेला अंगठा तेवढा सुतळीनं बांधलेला. पण चालायचे असे की छत्रीच मास्तरांना घेऊन निघाली आहे असं वाटावं. छत्री उजवीकडे गेली की मास्तर उजवीकडे. वाटेत माड आला की आधी छत्री थांबायची, मग मास्तर.

हे नाव त्यांना आम्हीच दिलं. मालवणजवळच्या आमच्या गावात नवीन हायस्कूल निघालं होतं आणि हे इंग्रजी शिकवायला आले होते. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'पोलका' असा शब्द लिहिला आणि म्हणाले, "हा एक नाच आहे. बोहेमिया नावाच्या मुलखातला. विलायतेत तो इतका गाजला की बायकांच्या जाकिटालाही तेच नाव पडलं. ते जाकीट बोटीत बसून आपल्याकडे आलं असावं. म्हणजे पुढच्या बाकावरच्या मुली या क्षणी अंगात नाच घालून बसल्या आहेत." पुढच्या बाकांवर आम्ही सहा जणी होतो, सगळ्या पोलक्यात. मुलगे बाक बडवून हसले. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मेल्या मास्तराक शिकवूक दुसरा काय गावला नाय?" आणि स्वतःच्या पोलक्याकडे बघून गालात हसली. ते मी बघितलं.

'असावं' हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक जाड वही होती, तीत हे सगळे शब्द लिहिलेले. खात्री असेल ते शाईनं, नसेल ते पेन्सिलीनं. पोलक्याचं जाकीट पेन्सिलीनं होतं. वॉल्ट्झ शाईनं: जर्मन शब्द, मूळ अर्थ लोळणं, गरगरणं. "जातं फिरतं ना, तसं," असं म्हणून त्यांनी हवेत जातं फिरवून दाखवलं, तर खडू हातातून सुटून खिडकीबाहेर गेला. केपर म्हणजे उड्या मारणं, बागडणं. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतली शेळी. त्या दिवशी शाळेच्या आवारात कुणाचंसं करडू शिरलं होतं. मास्तरांनी अख्खा वर्ग बाहेर काढला आणि अर्धा तास आम्हाला त्या करडाच्या उड्या बघायला लावल्या. हेडमास्तर विचारायला आले तेव्हा म्हणाले, "इंग्रजीचा तास चालू आहे."

हा नाद त्यांना लागला कुठे, ते एकदा मी विचारलंच. वर्गाबाहेर पडले की मास्तर आमच्यासारखेच मालवणी. म्हणाले, "मुंबयत कॉलेजात होतंय तेव्हा सांजचो एका क्लबात कामाक जाय. सायबांच्यो टोपयो आणि काठयो सांभाळूचा काम. मधी अर्धा दार. तेच्या खालसून नाचणाऱ्यांचे पाय दिसत. बाय गो, तेंची तोंडां कशी होती ता माका आजून ठावक नाय. मी पाय बघितलंय फक्त." पाय बघायचे, बँडवाल्याला नाचाचं नाव विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन त्या नावाचं मूळ खणून काढायचं. तीन वर्षं हाच उद्योग. मी विचारलं, "मगे कधी नाचलात नाय?" तर म्हणाले, "टोपयो कोण सांभाळतलो?"

वहीत एकच जागा कोरी होती. आणि ती नेमकी 'डान्स' या शब्दापुढे. बाकीच्या सगळ्या शब्दांच्या आज्या-पणज्या सापडल्या, पण हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला एवढंच कळतं, त्याच्या मागे काय ते कुणी पंडित खात्रीनं सांगत नाही. "पेन्सिलीनं तरी लिहा काहीतरी," आम्ही म्हणायचो. ते मान हलवायचे. अंदाजालासुद्धा काही आधार लागतो, असं त्यांचं म्हणणं.

अकरावीत आमचं शेवटचं गॅदरिंग आलं. आम्ही सहा जणींनी ठरवलं, स्टेजवर फुगडी घालायची. आता फुगडी म्हणजे काय जगावेगळी गोष्ट? चतुर्थीला गणपतीपुढे घरोघरी बायका घालतात, पहाटेपर्यंत घालतात. पण ती घरात. सगळ्या गावासमोर, मांडवात, पत्रिकेत नाव छापून मुलींनी घातलेली नव्हती. माझं तर जास्तच मनात होतं. मॅट्रिक झाली की माझं लग्न ठरणार हे मला दिसत होतं, आणि एकदा, एकदाच, मला गावासमोर उभं राहायचं होतं. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "बरां. चेअरमनकडे जाऊया."

शाळा समितीचे चेअरमन म्हणजे गावातले मोठे व्यापारी. नाकावर माशी बसू न देणारे. मास्तर, मी आणि माझी एक मैत्रीण त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभे राहिलो. मास्तरांनी वही उघडली आणि ग्रीस देशातून सुरुवात केली. "आपल्या पत्रिकेत 'ऑर्केस्ट्रा' असं छापलं आहे. ऑर्केस्ट्रा म्हणजे मूळ नाचण्याची जागा. 'कोरस' छापलं आहे. कोरस म्हणजे मूळ रिंगण धरून नाचणारे लोक. म्हणजे कमिटीनं नाच आधीच मंजूर केलेला आहे. मुली फक्त तो अमलात आणतील." बोलून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की खटला जिंकलाच.

चेअरमननी पत्रिकेचा कच्चा कागद मागवला. पेन काढलं. 'ऑर्केस्ट्रा' खोडला आणि तिथे 'पेटी-तबला' लिहिलं. 'कोरस' खोडून 'समूहगान' केलं. मग टोपण लावून शांतपणे म्हणाले, "आता कुठे नाच उरला काय, बघा. आणि मास्तर, तुम्ही अजून कायम झालेले नाही. पोरी स्टेजवर नाचल्या तर जूनमध्ये दुसरी शाळा बघा." मास्तरांची डाळ तर शिजली नाहीच, उलट आमच्या मुलग्यांचा ऑर्केस्ट्राही गेला. मुलगे आठवडाभर आमच्याशी बोलत नव्हते.

परत येताना मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, "सर, आमका नाचूचा नाय."

"कित्या?"

"तुमची नोकरी जातली."

मास्तरांनी छत्रीमागून वाटेतल्या माडाला वळसा घातला. मग म्हणाले, "माजी नोकरी ती माजी. तुमची फुगडी ती तुमची. दोनांची सरमिसळ करू नकात." आणि थोडं पुढे जाऊन, "माजीच चूक. चेअरमनक ग्रीक सांगूक गेलंय. तेंका समाजता ती भास वेगळी."

ती भाषा कोणती, ते गॅदरिंगच्या दिवशी कळलं. मांडव देवळासमोर होता. आमच्याकडे कुठलंही कार्य सुरू करायचं तर आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला मालवणीत सगळं मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. म्हणायचं म्हणजे म्हणायचंच. गप्प राहणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, आणि एकदा व्हय म्हटलं की ते फिरवायची कुणाची छाती नसते. आमच्या गावात गाऱ्हाण्याचा मान गावकर आबांचा. त्या दिवशी आबा पुढे आले, दोनदा खोकले, गळ्याकडे बोट दाखवलं आणि मास्तरांना खूण केली. मास्तरांच्या वडलांनी जन्मभर त्यांच्या गावात गाऱ्हाणी घातली होती, हे आबांना बरं माहीत होतं.

मास्तरांनी छत्री खाली ठेवली. चेअरमन हातात नारळ घेऊन सगळ्यात पुढे उभे होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या शाळेच्या पोराबाळांनी तुझ्या दारात जो काय खेळ मांडलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मास्तर आसत, चेअरमन आसत, गावकर-मानकरी आसत, सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही जी सहा चेडवां तुझ्यासमोर फुगडी घालूक उभी रवली हत, तेंच्या पायांका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या आड जो कोण येयत, तेका चांगली बुद्धी दी, आणि तेच्याच हातान ह्यां कार्य पार पाडून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज चेअरमनचा होता. सवयीनं, छाती भरून म्हणाले बिचारे. तोंड मिटेपर्यंत आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर देवानं ऐकलं होतं आणि देवापेक्षा वाईट म्हणजे पाच वाड्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नारळ फोडला. जरा जोरातच फोडला. मांडवाच्या कडेला गावकर आबा चहावाल्याला खणखणीत आवाजात सांगत होते, साखर वायच जास्त घाल. आमच्या सहा जणींतली एक आबांची नात होती, हे सांगायचं राहिलंच.

आम्ही नाचलो. कशा नाचलो ते मी सांगणार नाही, कारण स्वतःचं कौतुक स्वतः करायची मला सवय लागली आहे असं माझी सून म्हणते. पण चेअरमनच्या मंडळी पहिल्या रांगेतून "आजून एक" म्हणाल्या, त्यावरून काय ते समजा. दुसऱ्या फुगडीला मी गरगर फिरत असताना स्टेजच्या कडेचा पडदा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोरून जात होता. तो शिवताना आखूड झाला होता, हातभर वर राहिलेला. त्याच्या खाली मला दोन पाय दिसले. अंगठा तुटलेल्या, सुतळीनं बांधलेल्या चपला. आमच्या ओळखीच्या. एका फेरीत उजवा पाय उचललेला होता, पुढच्या फेरीत डावा. ताल साफ चुकत होता. पण पाय थांबत नव्हते. मी हसायला लागले आणि पडता पडता वाचले.

चेअरमननी देवाला दिलेला शब्द पाळला आणि मास्तरांना दिलेलाही पाळला. मे महिन्यात मास्तरांना पत्र मिळालं. आम्ही चिडलो, सहा जणी मिळून चेअरमनकडे जायला निघालो, तर मास्तरांनीच अडवलं. "गाऱ्हाण्यात नोकरीचा काय बोललंय नाय मी," म्हणाले. "घालूचा रवला."

खारेपाटणच्या शाळेत त्यांना जागा मिळाली. निघाले त्या दिवशी आम्ही एस.टी.वर पोचवायला गेलो. माझंही लग्न ठरलं होतं. मी रडले, आणि चांगली भोकाड पसरून रडले, उगाच खोटं कशाला सांगू. मास्तरांना रडणाऱ्या मुलीपुढे काय करावं ते कळेना, म्हणून ते छत्री उघडून बघू लागले, मिटू लागले. गाडीत चढताना त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "माका पाठ आसा आता. तुका लागात." मग गाडी सुटली. खिडकीतून हात न दिसता छत्रीचं टोक दिसत होतं.

त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. वही मात्र लग्नानंतर माझ्याबरोबर फिरली, तीन बिऱ्हाडं बघितली तिनं. एस.टी.वरून घरी आल्यावर मी आधी कुठलं पान उघडलं असेल, ते सांगायला नको. 'डान्स' या शब्दापुढची जागा आता कोरी नव्हती. तिथे लिहिलं होतं: 'मूळ: आमच्या हायस्कूलचं गॅदरिंग. मुली सहा.' आणि हे शाईनं.

जगातला कुठलाही कोश हे मान्य करणार नाही, एवढं इंग्रजी मास्तरांनीच मला शिकवलं आहे. तरी मी ते खोडलेलं नाही. फक्त नोंद अपुरी होती, म्हणून त्याच दिवशी भावाचं शाईचं पेन मागून घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'आणि पडद्याखाली दोन पाय.'