अप्पांची दुनळी

पोलीस ठाण्यात जमा असलेली अप्पांची बंदूक मी स्वतः जाऊन घरी आणली. पुढे जे झालं ते सांगताना नातेवाईक अप्पांच्या आजारापासून सुरुवात करतात. मला ती इथूनच करावी लागते.

अप्पा म्हणजे माझे वडील. धारवाडच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर वकिली केली. अळणावर गावाच्या अलीकडे, जंगलाला लागून, आमचं थोडं भाताचं शेत होतं. पीक पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, म्हणून राखणीसाठी अप्पांनी दुनळी बंदुकीचं लायसन्स काढलं होतं. माझ्या आठवणीत त्यांनी एकही जनावर मारलं नाही. हवेत बार काढायचे, डुकरं पळायची, आणि चार दिवसांनी परत यायची.

आई गेल्यावर शेत विकलं. बंदूक मात्र अप्पांच्या खोलीत भिंतीवर दोन खुंट्यांवर राहिली. राखायला पीक उरलं नव्हतं, तरी लायसन्सचं नूतनीकरण वेळच्या वेळी होत होतं. रविवारी सकाळी अप्पा नळीतून गज फिरवायचे, तेल लावायचे. त्या तेलाचा वास मला लहानपणापासून आवडायचा. आमच्या घरात बंदूक आहे, आमच्याकडे चोर येणार नाही, असं मी शाळेत मैत्रिणींना ऐटीत सांगायची. पुढे स्वतः शाळेत शिकवायला लागले, केस पांढरे झाले, तरी मनातून मी तेच मानत होते.

मी लग्न केलं नाही, अप्पांजवळच राहिले. मोठा भाऊ, अण्णा, हुबळीत असतो. गोकुळ रोडवर त्याचं लेथचं वर्कशॉप होतं.

ऐंशी उलटल्यावर अप्पा विसरू लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. एका दुपारी मी शाळेतून आले तर उठून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "या बाई. कुणाकडे आलात?" मी आत जाऊन चहा ठेवला.

त्याच सुमाराला निवडणूक जाहीर झाली. निवडणुकीच्या काळात लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. दरवेळी अप्पा स्वतः नेऊन देत, या वेळी अण्णानं त्यांना सोबत नेलं. पावती घेऊन दोघे परत आले, आणि दुसऱ्या दिवसापासून अप्पांचं बिनसलं. रिकाम्या खुंट्यांकडे बघत बसायचे. "कुणी नेली?" असं दिवसातून वीस वेळा विचारायचे. जेवण टाकलं. एकदा तर मलाच चोर ठरवून माझ्या पर्समधलं सगळं जमिनीवर ओतलं.

मतमोजणी संपली तसा मी अण्णाला फोन केला. "बंदूक आणू या. त्याशिवाय ते शांत होणार नाहीत."

"तंगी, आता ती तिथंच राहू दे." तो मला लहानपणापासून कानडीतच तंगी, धाकटी बहीण, म्हणतो. "अर्ज देऊन टाकू. नको आम्हाला म्हणून सांगू."

"त्यांच्याजवळ आता दुसरं काय उरलंय, अण्णा?"

"ज्याला पोरगी ओळखू येत नाही, त्याच्या हातात बंदूक द्यायची?"

"काडतुसं मी माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवते. मग ती नुसती काठीच."

तो म्हणाला, "तू रोज सांभाळतेस त्यांना. तुला बरं वाटेल ते कर."

मी अप्पांना इस्त्रीचा शर्ट घातला, रिक्षात वय आणि पत्ता पाठ करून घेतला आणि ठाण्यात घेऊन गेले. हवालदारानं हसून विचारलं, "यजमानर, वयस्सेष्ट्री?" वय किती, एवढंच. अप्पा माझ्याकडे बघू लागले. मी चटकन उत्तर दिलं. मग सही. ती मात्र त्यांनी एका झटक्यात केली, वळणदार, वकिली. "सही नोडरी, मुत्तिनंग!" हवालदार शेजारच्याला म्हणाला. मोत्यासारखी सही. मलाही तेव्हा अभिमान वाटला, ही गोष्ट लपवत नाही.

बंदूक खुंट्यांवर चढली आणि अप्पा त्या दिवशी पोटभर जेवले.

ऑगस्टमधला रविवार होता. धारवाडची रिपरिप आठवडाभर लागलेली. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होते. अण्णा हुबळीहून मोटारसायकलवर आला आणि गाडी लावायला सोपं म्हणून मागच्या अंगणातून आत शिरला. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. अप्पांच्या खोलीचं दार त्याच अंगणात उघडतं. मला अप्पांचा आवाज ऐकू आला, "कोण आहे? याऽर?" खणखणीत, कोर्टातला आवाज. अण्णाचं "मीच, अप्पा" अर्धंच ऐकू आलं. त्यावर बार झाला.

माझ्या कपाटाचं कुलूप तसंच होतं. अप्पांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात दोन काडतुसं होती, किती वर्षांपासून कोण जाणे. तो कोट मी दर पावसाळ्यानंतर उन्हात टाकत असे. खिसे कधी तपासले नव्हते.

अण्णा दारात बसला होता. उजवा खांदा आणि दंड फाटला होता. एवढ्यातही तो मला म्हणाला, "आधी त्यांच्या हातातून ती काढून घे." मी बंदूक घेतली तशी अप्पांनी ती सहज सोडली आणि म्हणाले, "बाई, घाबरू नका. चोर होता."

अण्णा वाचला. छर्रे काढले, तीन वेळा ऑपरेशन झालं, पण उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. लेथवर एका केसाएवढं माप राखणारा हात होता तो. वर्षभरात त्यानं वर्कशॉप दुसऱ्याला देऊन टाकलं.

पोलीस आले, बंदूक नेली, लायसन्स रद्द झालं. डॉक्टरांचा दाखला पाहून अप्पांना कुणी त्रास दिला नाही. जबाब घेणारा अधिकारी वयानं माझ्या विद्यार्थ्यासारखा होता. त्यानं विचारलं, "ठाण्यातून परत नेताना यांच्याबरोबर कोण होतं?"

"मी."

"तेव्हा यांची स्मृती ठीक होती?"

"नव्हती."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

अप्पा त्यानंतर दोन वर्षं जगले. बंदुकीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. भिंतीवरच्या खुंट्या मी उपटून काढल्या, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं होतं, तिच्यावाचून ते जगणार नाहीत. अण्णा दर रविवारी यायचा आणि दर रविवारी अप्पा त्याचा लुळा हात हातात घेऊन विचारायचे, "हे काय झालं रे?"

"मशीनमध्ये सापडला, अप्पा."

"जपून काम करावं," अप्पा म्हणायचे आणि तो हात बराच वेळ चोळत बसायचे. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहायची.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ घरी आले. मुलं परदेशात, नवरा-बायको दोघंच. संरक्षणासाठी बंदूक घ्यावी म्हणतात, लायसन्सला काय काय लागतं ते विचारायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, कोट आणि हेल्मेटसकट. सरकारनं अर्जावर हजार गोष्टी विचाराव्यात, पण दहा वर्षांनी हा माणूस कोण असेल, ते ना सरकारला ठाऊक ना त्याला, म्हणून घरात ती नकोच, असंही मी म्हणाले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाले, "तुमचं खरं आहे हो, मॅडम. पण तुमच्या वडिलांना विसरायचा आजार होता."

त्यांनी अर्ज केलाय, असं परवा त्यांच्या बायकोनंच भाजी घेताना सांगितलं.