आईने नळाला मत दिलं नाही

आईला जाऊन महिना होत आला. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आता कमी झाली आहे. दुपारी एकटी बसले की तिची आजारपणातली आठवण येईल असं वाटतं, पण येते ती भलतीच. ती येते डोक्यावर हंडा घेऊन, जोगेश्वरीच्या टेकाडावरच्या आमच्या चाळीची चढण चढत आणि चढता चढता माझ्याशी भांडत.

भांडण मताचं होतं. ऐंशीच्या दशकातली महापालिकेची निवडणूक. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती आणि ते गोरेगावला एका स्टुडिओच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले होते. मी एम.ए.ला अर्थशास्त्र शिकत होते आणि माझं ते पहिलंच मत. आमच्या चाळीला नळ होता एक, तोही खाली कोपऱ्यावर. पहाटे रांग लावायची, हंडे भरायचे आणि वर आणायचे, हे काम आईचं आणि माझं. त्यामुळे मत कोणाला द्यायचं हा प्रश्नच नाही, असं मी धरून चालले होते. एका उमेदवाराने शेजारच्या चाळीत घरोघरी नळ दिले होते. आमच्यासाठीही त्याने पाइप आणून चाळीच्या तोंडाशी टाकले होते. बायका येता-जाता त्या पाइपांकडे लग्नाच्या रुखवताकडे बघावं तशा बघायच्या.

दुसरा उमेदवार म्हणजे आमच्या गावकरी मंडळाच्या भजनात पखवाज वाजवणारे काका. गडी मनाचा मोठा, पण स्वतःच्या खोलीचं गळकं छप्परही त्यांच्याच्याने नीट होत नव्हतं.

पाइपवाला प्रचाराला आला तेव्हा आईने रिवाजाप्रमाणे तांब्याभर पाणी आणि बशीत गुळाचा खडा पुढे केला. कोकणातल्या घरात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग काय ते बोलणं. त्याने तांब्यात डोकावून पाहिलं.

"पाणी कुठलं, मावशी?"

"कोपऱ्यावरचा. आताच भरून आणलंय."

"नको नको. पोट बिघडतं माझं त्याने." आणि मग हसून म्हणाला, "म्हणून तर नळ देतोय ना तुम्हाला!"

बोलणं अगदी बिनतोड होतं. मला तर पटलंच. आईने तांब्या आत नेला. नंतर कळलं, चाळीत सगळ्याच घरी त्याने तसंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पखवाजवाले काका आले. आश्वासन एकही नाही. दारातच बसकण मारली, गूळ तोंडात टाकला, तांब्या घटाघटा रिकामा केला आणि म्हणाले, "वहिनी, आणि एक द्या." शेवटच्या खोलीपर्यंत पोचले तेव्हा त्यांना धड उभं राहवत नव्हतं. पोट टम्म फुगलेलं. पोरं त्यांच्यामागून "काकांची टाकी भरली!" म्हणून ओरडत होती.

मत देऊन परतताना मी आईला विचारलं, "नळालाच दिलंस ना?"

"जेका माझ्या घरचा पाणी चलना नाय, तो माका पाणी काय देतलो?"

"अगं, पण पाइप आणून टाकलेत त्याने! तुझा फायदा कशात आहे ते तरी बघ."

"तुझ्या पुस्तकात बघ जा."

काका निवडून आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि पाइप घेऊन गेला. बायका हंडे खाली ठेवून बघत राहिल्या. मग कोणीतरी हसलं आणि सगळ्याच हसत सुटल्या, आई सर्वांत जास्त. पुढे कितीतरी वर्षं चढणीवर मी तिला डिवचायची, "बघ, तुझं मत डोक्यावर घेऊन चाललीस."

"माझा मत. माका जड नाय," ती धापा टाकत म्हणायची.

नळ आला तो फार उशिरा, दुसऱ्याच कोणाच्या तरी कारकिर्दीत. मग चाळ सुटली आणि आम्ही चारकोपला आलो.

परवा काका भेटायला आले. हातात काठी, ऐकू कमी येतं. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ते बशीकडे बघत राहिले.

"गूळ खंय?"

मी ओशाळले. आईच्या फडताळात मागे हात घातला, तर डबा होता तिथेच, अर्धा भरलेला. खडा तोंडात टाकून ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "नळ काय माझ्याकडून झालो नाय गो. तुझी आवस कधी बोलली काय?"

"आई बोलायची ना," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं. "म्हणायची, पिणारो मिळालो, देणारो मिळाक नाय."

काका इतके हसले की ठसका लागला. डोळे पुसून त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

"आणि एक दी गो चेडवा."

मी आत जाऊन नळ सोडला.