पहिल्या रांगेतली शाल

धारवाडच्या संगीत महोत्सवात पहिल्या रांगेतली एक खुर्ची दरवर्षी दुपारपासूनच अडवलेली असते. तिच्यावर तपकिरी शाल टाकलेली असते. यंदाही मी भिंतीला टेकून उभ्यानं ऐकत होतो आणि शाल आरामात बसून ऐकत होती. पाय भरून आले तसा मी बाहेर चहाला गेलो.

शालीचे मालक बाहेरच होते. दरवर्षी असतात. साठी उलटलेली, सदऱ्याला कडक इस्त्री, हातात चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा पुडा. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला ते सांगत होते, "आमच्या पाण्यातच सूर आहे बघा. इथली म्हैससुद्धा सुरात हंबरते." मधेच चहावाल्याकडे वळून, "अण्णा, इन्नेरडु चा कोड्री," म्हणत त्यांनी आणखी दोन चहा मागवले. आत यमन चांगला रंगला होता. पाहुणा सारखा दाराकडे बघत होता, पण त्याची बाही यांच्या मुठीत होती.

मी म्हणालो, "काका, तुमची खुर्ची रिकामी आहे की."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आम्ही इथलेच हो. ऐकायला बाहेरगावचे येतात."

टाळ्या सुरू झाल्या तसे ते लगबगीनं आत गेले, शाल झटकून खांद्यावर घेतली आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना डोळे मिटून म्हणाले, "असा यमन फक्त धारवाडात ऐकायला मिळतो."

बाईंनी एकदा शालीकडे पाहिलं. तो यमन त्या दोघींनीच ऐकला होता.